आक्कांचे बासन

(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेला ५० वर्षे पूर्ण होतात, तेव्हा कपाटातील जुनी इतिवृत्ते बाहेर निघतात. कोणत्या सभेत कोणता ठराव झाला, सभामंडपासाठी कोणी किती देणगी दिली, मंदिराचा जीर्णोद्धार केव्हा झाला, याच्या नोंदी त्यांत सापडतात. ज्यांनी तन-मन-धनाने संस्था उभी केली त्यांचे स्मरण करणे हे कर्तव्यच आहे. परंतु इतिवृत्ताच्या पानांवर ज्यांचे नाव कधीच आले नाही, अशा काही हातांचे स्मरणही या मंगल प्रसंगी व्हावयास हवे. ते हात घराघरांतील आजींचे. आजचे व्याख्यान अशाच एका आजींविषयी आहे.

कोल्हापूर-सांगलीकडील एका गावातील हे घर. थोडी शेती आणि किराणा मालाचे लहानसे दुकान. घरात आणि गल्लीत सारे त्यांना 'आक्का' म्हणत. तेराव्या वर्षी लग्न होऊन आक्का या घरात आल्या. माहेरी भाऊ शाळेत गेले. आक्का मात्र धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहिल्या. अक्षरओळख झालीच नाही. सासरी आल्यावर सासूबाईंनी त्यांच्या हाती दोन वस्तू दिल्या : एक पाणी गाळण्याचे फडके आणि दुसरी सुई. या दोन वस्तू आक्कांनी अखेरपर्यंत खाली ठेवल्या नाहीत.

पहाटे जप आटोपला की आक्का विहिरीवर जात. गाळण्याचे फडके कसे असावे याविषयी त्यांचा कटाक्ष असे. ते ३६ अंगुल लांब आणि २४ अंगुल रुंद असावे, दुपदरी करून घ्यावे, आणि त्याची वीण एवढी दाट असावी की त्यातून सूर्याचे बिंब दिसू नये. पाणी गाळून झाल्यावर फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडावयाचे. वरून फेकावयाचे नाहीत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. उकळलेल्या पाण्याची २४ तास. आक्कांजवळ घड्याळ नव्हते. अंगणातील उन्हावरून त्यांचा वेळ कधी चुकत नसे.

त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण, बटाटा कधी आला नाही. तरीही त्यांच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. धणे, जिरे, सुके खोबरे, तीळ आणि कारळे भाजून त्यांचा मसाला त्या पाट्यावर वाटीत. द्विदल टाळण्यासाठी कढीला बेसनाऐवजी तांदळाचे पीठ लावीत. दशलक्षण पर्वात, भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, घरात कोणाचा उपवास आणि कोणाचे एकभुक्त हे त्यांना तोंडपाठ असे. आणि प्रत्येकाच्या पारण्याच्या दिवशी मऊ मुगाची खिचडी आणि गव्हाची हुग्गी वेळेवर तयार असे. सूर्यास्तानंतर त्यांनी स्वतः कधी पाण्याचा घोटही घेतला नाही. पण थोरला नातू तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊ लागला आणि शेवटच्या एस. टी.ने अंधार पडल्यावर घरी येऊ लागला, तेव्हा त्याची भाकरी फडक्यात गुंडाळून चुलीच्या वैलावर ठेवलेली असे. त्याने कधी ओशाळून पाहिले, तर आक्का एवढेच म्हणत, "व्रत माझं हाय, भूक तुझी हाय. जेव." व्रत पाळणे आणि ते दुसऱ्यावर लादणे यांतील अंतर त्यांना कोणी शिकवले नव्हते.

दुपारची कामे उरकली की सुई निघे. जुनी नऊवारी लुगडी आणि विरलेली धोतरे यांच्या घड्या घालून धावदोऱ्याने शिवलेल्या वाकळा, बाळंतविड्यातील कुंच्या, क्रोशाच्या सुईने विणलेली दाराची तोरणे, जपमाळेचे बटवे, असे किती तरी काम त्या हातांखालून गेले. चिंधी वाया घालवणे त्यांना परिग्रहाइतकेच दोषास्पद वाटे. एका चातुर्मासात, कोशातील किडे उकळत्या पाण्यात मारून रेशीम काढतात, हे त्यांनी प्रवचनात ऐकले. त्या दिवसापासून त्यांनी रेशमाचा दोरा हाती घेतला नाही. लग्नातील शालू ट्रंकेत गेला तो पुन्हा अंगावर आला नाही. घरातील दुसऱ्या कोणाला मात्र त्यांनी कधी टोकले नाही.

या साऱ्या शिवणकामात एक काम त्यांना विशेष प्रिय होते. मंदिरातील शास्त्रांसाठी बासने शिवणे. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी, जवळ आली की आक्का नवे सुती कापड धुऊन, वाळवून, कडा दुमडून शिवीत. त्या दिवशी मंदिरातील ग्रंथ कपाटातून बाहेर काढले जात, झटकून पुसले जात आणि नव्या बासनांत बांधले जात. सुमारे ५० वर्षे हा नेम चालला. मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली असे म्हटले, म्हणजे ती विस्मृतीत गेली असा अर्थ होतो. आक्कांनी बासने शिवली ती रक्षणासाठी. आणि ज्या ग्रंथांना त्यांनी ५० वर्षे वस्त्र दिले, त्या ग्रंथांतील एक ओळही त्यांना वाचता येत नव्हती.

श्रुतपंचमीची कथा सर्वांना परिचित आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना चिंता वाटू लागली, की मुखोद्गत चालत आलेले श्रुतज्ञान आपल्याबरोबर लुप्त होईल. त्यांनी ते पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना दिले, आणि त्या दोघांनी षट्खंडागम ग्रंथरूप केला. त्या ग्रंथाच्या पूर्णतेचा दिवस म्हणजे श्रुतपंचमी. त्याची धवला टीका मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली आणि १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. जे ऐकले ते श्रुत. आणि ऐकणारा उरणार नाही अशी भीती वाटली, म्हणून ते लिहिले गेले. ही गोष्ट आक्कांच्या आयुष्याशी कशी जोडली गेली, ते आता सांगावयाचे आहे.

आक्कांनी पासष्टी ओलांडली होती. आठवीतील नात एका श्रुतपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसली होती. बासनांच्या गठ्ठ्याकडे पाहून तिने सहज विचारले, "आक्का, यातलं कुठलं बासन कुठल्या ग्रंथाचं, हे तुला कसं कळतं?" आक्का म्हणाल्या, "जाडीवरनं." नात हसली, पण आक्का हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी टाका घालता घालता विचारले, "मला अक्षरं येतील का गं आता?"

पाटीवर हात वळेना. पेन्सिल बोटांतून निसटे. तेव्हा नातीनेच युक्ती काढली. तिने दुसुतीच्या कापडावर णमोकार मंत्राची अक्षरे मोठ्या आकारात काढून दिली आणि आक्कांनी ती फुलीच्या टाक्याने भरावयास घेतली. मंत्र तोंडपाठ होताच. आता प्रत्येक उच्चाराला रूप मिळू लागले. मंत्राची अक्षरे ३५. त्यांत 'ण' दहा वेळा येतो. त्यामुळे तो सर्वांत आधी ओळखीचा झाला. जोडाक्षरांनी मात्र फार छळले. 'ज्झ' तीन वेळा उसवावा लागला. एकेका अक्षराला कधी दोन दिवस लागत, कधी चार. मध्येच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा काम महिनाभर थांबले. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर आक्कांनी पहिल्यांदा मागितले ते दुसुतीचे कापड.

पुढच्या श्रुतपंचमीपर्यंत ३५ अक्षरे पूर्ण झाली. मग बाराखडी, मग मराठी क्रमिक पुस्तक. टपाल कार्यालयातील बचतखात्याच्या कागदावर, जेथे आजवर अंगठा उमटत असे, तेथे एके दिवशी थरथरती पण स्वच्छ सही झाली. नातीने सुचविले, की या वर्षीच्या बासनावर आता स्वतःचे नाव भरावे. आक्कांनी मान हलविली. "शास्त्राच्या कापडावर माझं नाव कशाला?" पुढे नात शिक्षणासाठी वसतिगृहात गेली, तेव्हा तिच्याबरोबर दिलेल्या वाकळेच्या कोपऱ्यात मात्र नातीचे नाव भरलेले होते.

वाचता येऊ लागल्यावर आक्कांनी मंदिरातून आणविलेला पहिला ग्रंथ म्हणजे आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार, मराठी अर्थासह. १५० श्लोकांचा हा ग्रंथ गृहस्थाच्या आचाराचा. रोज दुपारी बोट ठेवून एक-एक ओळ वाचणे चाले. मुळा, ओले आले यांसारखे पदार्थ का वर्ज्य करावेत, हे जेथे सांगितले आहे तेथे त्या पोहोचल्या आणि थांबल्या. पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या, "हे तर मला सासूबाईंनी सांगितलं होतं की गं." आणि क्षणभराने, "त्यांना पण वाचायला येत नव्हतं."

या एका वाक्यात फार मोठा इतिहास सामावला आहे. आचार्यांनी जे ग्रंथात लिहिले, ते या घरात ग्रंथातून आले नव्हते. ते एका सासूकडून एका सुनेकडे, चुलीजवळ, विहिरीच्या काठावर, तोंडी येत राहिले. ज्यांना समाजाने अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनीच त्या अक्षरांचा अर्थ आचरणात जिवंत ठेवला. श्रुतरक्षणाचे श्रेय देताना भांडारांबरोबर या स्वयंपाकघरांचीही गणना व्हावयास हवी.

अशा स्त्रिया एकाच घरात नव्हत्या. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांची चूल विझू नये म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. आज रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष पाहताना त्या चुलीचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाच्या कार्याला आयुष्य वाहिले, कारण त्यागाची स्तुती पुरेशी नाही, विद्या दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आक्कांचे गुणगान करताना हे विसरता येणार नाही. त्यांनी पासष्टीनंतर अक्षरे गिरविली, हे कौतुकास्पद आहेच. पण त्यांना तोवर थांबावे लागले, ही समाजाच्या खात्यावरील उणीव आहे. भावांसाठी जी शाळा होती ती त्यांच्यासाठी नव्हती. सुगरण, सोशिक, सात्त्विक अशी विशेषणे देऊन ती उणीव भरून निघत नाही.

आक्का गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नात पुण्यात नोकरी करते. एका पर्युषण पर्वात तिने नेमाने स्वयंपाक करावयाचे ठरविले. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, हे तिला ग्रंथात सापडले. पाण्याची मर्यादाही सापडली. पण आक्कांच्या आमटीचा मसाला कोठेच लिहिलेला नव्हता. कारळे किती, तीळ किती, खोबरे कितपत भाजावयाचे, हे विचारावयास कोणी उरले नव्हते. तिने तीन-चार वेळा करून पाहिले. आमटी झाली, पण ती नव्हे. आक्कांना अक्षरे आल्यावरही, त्यांच्याजवळचे लिहून घ्यावे हे कोणाला सुचले नाही. घरातील सर्वांत शिकलेल्या नातीलाही नाही. धरसेनाचार्यांची चिंता या घरात कोणी केली नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजापुढे एक लहानशी विनंती ठेवावीशी वाटते. प्रत्येक घरात आज जी आजी आहे, तिच्याजवळ एक वही घेऊन बसावे. तिचे नियम, तिचे पदार्थ, तिचे टाके, तिने सासूकडून ऐकलेल्या कथा तिच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. नातीने बसावे, तसेच नातवानेही बसावे. पाणी गाळणे आणि टाका घालणे ही कामे मुलांच्या हातांनाही शोभतात. आणि पुढील श्रुतपंचमीला मंदिरातील ग्रंथ नव्या बासनांत बांधले जातील, तेव्हा ती बासने कोणी शिवली, याची एक ओळ इतिवृत्तात लिहावी. आक्कांना स्वतःचे नाव नको होते, हा त्यांचा विनय झाला. ते नोंदविणे हे संस्थेचे काम आहे.

गावच्या मंदिराच्या कपाटात आक्कांची काही बासने अजून आहेत. सुताचा रंग उडाला आहे, पण टाके सुटलेले नाहीत. त्यांतील एकाच्या आत, ग्रंथाला लागून, दुसुतीचा एक तुकडा घडी करून ठेवलेला आहे. त्यावर ३५ अक्षरे आहेत. आणि 'ज्झ' जेथे आहे, तेथे कापड तीनदा उसवल्याने थोडे विरलेले आहे.

जय जिनेंद्र.