लहानग्यांच्या तोंडाला वास का येतो?

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंत. डॉक्टरकीशी माझा संबंध औषधं घेण्यापुरताच. तरीही आज तुमच्याशी बोलणार आहे ते लहान मुलांच्या तोंडाला येणाऱ्या वासाबद्दल. विषय ऐकून कुणी नाक मुरडेल. हरकत नाही. माझी गोष्टही मुरडलेल्या नाकापासूनच सुरू होते, आणि ते नाक माझंच होतं.

आम्ही सांगवीत राहतो. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे नातू दिवसभर आमच्याकडे. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. दुपारी माझ्या मांडीवर बसायचा आणि बालवाडीतली गाणी म्हणून दाखवायचा. त्या पावसाळ्यात त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. साधा नव्हे, कुबट, नकोसा वास. मला वाटलं, सकाळी दात नीट घासत नसेल. पेस्ट बदलली. त्याच्या नानीनं ओवा दिला, बडीशेप दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोटात जंत असतील. मग जंताचं औषध झालं. वास काही जाईना.

एके दिवशी तो गाणं म्हणत असताना मी बोलून गेलो, ‘‘जरा लांब बस रे, घाण वास येतोय.’’ तो मुकाट्यानं मांडीवरून उतरला. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा तो तोंडावर तळहात धरून. बालवाडीतल्या बाईंनीही सांगितलं की, हल्ली तो गाण्यात भाग घेत नाही. शब्द जपून वापरावेत, असं मी आयुष्यभर नव्या कवींना सांगत आलो. आणि घरात माझ्याच तोंडून हे गेलं होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘याचं नाक वाहतं का? एकाच बाजूनं?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उजवी नाकपुडी दोन आठवडे वाहत होती. पावसाळी सर्दी म्हणून आम्ही नुसती पुसत होतो. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि चिमट्यानं एक काळपट गोळा बाहेर काढला. आमच्या फाटक्या सोफ्यातल्या स्पंजचा तुकडा! खेळता खेळता त्यानं तो नाकात घातला होता आणि विसरूनही गेला होता. दोन दिवसांत वास नाहीसा झाला. दात निर्दोष, पोट निर्दोष, मूलही निर्दोष. चूक होती ती न पाहता निष्कर्ष काढणाऱ्या मोठ्या माणसांची.

त्यानंतर मी या विषयाची चौकशी करत राहिलो. दातांच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं, वहीत टिपून ठेवलं. त्यातलं कामाचं तेवढं आज सांगतो.

पहिली गोष्ट, सकाळी उठल्या उठल्या तोंडाला थोडा वास येणं स्वाभाविक आहे. झोपेत लाळ कमी सुटते. लाळ ही तोंडाची मोलकरीण. ती रजेवर गेली की जिवाणूंचं फावतं. अन्नाचे कण आणि तोंडातल्या झडलेल्या पेशी कुजवून ते गंधकयुक्त वायू तयार करतात. सडक्या अंड्याला येतो तो वास यातल्याच एका वायूचा. दात घासले, न्याहारी केली की हा वास जातो. काळजी करायची ती दिवसभर राहणाऱ्या वासाची.

अशा वासाचं मूळ बहुतेक वेळा तोंडातच असतं. आपल्याकडे पोट साफ नाही म्हणून वास येतो, असं सर्रास म्हटलं जातं आणि मुलाला एरंडेल पाजलं जातं. पण पोट हे वासाचं कारण क्वचितच असतं. जंतांचंही तसंच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती मुलाला अवश्य मिळू द्यावी, पण ती जंतांसाठी. वासाचं कारण आधी तोंडात शोधावं.

तोंडात दोन जागा पाहायच्या. एक जीभ. तिच्या मागच्या भागावर पांढरट थर साचतो आणि तिथं जिवाणूंची वस्ती होते. दुसरी जागा दाढा. दाढांच्या खाचांत बिस्कीट, वेफर, पाव चिकटून राहतात आणि कीड लागते. किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात अन्न कुजतं. हिरड्यांना सूज आली, गळू झालं, तरी वास येतो.

इथं आपल्याकडचं एक नेहमीचं वाक्य आडवं येतं, ‘‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’’ पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मूल त्यांच्यावरच जेवतं आणि पक्क्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास अगदी मागे एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

आता आपल्या भागाविषयी थोडं. सांगवी, पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या अनेक घरांचं घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. वडील तिसरी पाळी करून सकाळी येतात आणि एका खोलीच्या घरात दिवसा झोपतात. मूल रडलं तर त्यांची झोपमोड होते. मग आई साखर घातलेल्या दुधाची बाटली बाळाच्या तोंडात देते आणि बाळ बाटली तोंडात धरूनच झोपी जातं. मी त्या आईला बोल लावणार नाही. दुपारची शांतता ती त्या बाटलीनं विकत घेत असते. पण झोपेत लाळ कमी, आणि गोड दूध तासन्तास दातांवर. अशा बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. मधात बुडवलेलं चोखणंही तितकंच वाईट. शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

यावर उपाय आहे. दुधातली साखर रोज थोडी थोडी कमी करत न्यावी. वर्षाच्या सुमारास बाटली सोडवून पेल्यावर आणावं. झोपताना तोंडात काही हवंच असेल, तर बाटलीत साधं पाणी भरावं. दोन-चार रात्री रडारड होईल. नंतर सवय होते.

दात घासण्याबाबत नियम मोजकेच आहेत. दात येण्यापूर्वी ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसला की मऊ ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइड असलेली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती मुलांसाठी नव्हे. पेस्ट गिळू नये, थुंकावी, हे हळूहळू शिकवावं. ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं पेस्ट कोणती वापरावी हे डॉक्टरांना विचारावं.

दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटं दात घासावेत. त्यातली रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात पुरेसा वळत नाही, म्हणून मोठ्यांनीच घासून द्यावं. मूल पुढ्यात उभं करून त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवलं की तोंड नीट दिसतं. त्याच ब्रशनं जिभेवरून मागून पुढं हलकेच फिरवावं. धातूची जिभली लहानग्यांना नको. खाऊनंतर चूळ भरायची सवय लावावी, दिवसभर पाणी प्यायला आठवण करावी. तोंड धुवायची सुवासिक औषधं सहा वर्षांच्या आत देऊ नयेत, कारण मुलं ती गिळतात. लवंगेचं तेलही लहान मुलांना घातक ठरू शकतं.

आणखी एक विनंती. काही घरांत अजून आजी मिश्री लावते आणि नात शेजारी बसून बोट पुढं करते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती मुलांच्या दाताला लावू नका. विटेची पूड, कोळसा, राखुंडी यांनी दातांवरचं कवच घासलं जातं. माझे आजोबा मिसवाकची काडी वापरायचे, शेजारचे आजोबा बाभळीचं दातवण. दोघांचेही दात चांगले होते. पण ती काडी मोठ्यांच्या हातात ठीक. लहानग्याच्या कोवळ्या हिरड्यांना मऊ ब्रशच बरा.

आता तोंडाबाहेरची कारणं. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, तर त्याचं तोंड कोरडं पडतं आणि वास येतो. ॲलर्जीची सर्दी किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असू शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. टॉन्सिल सुजले, त्यांच्या खाचांत कण अडकले तरी वास येतो. पण घसा दुखला की औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिनशी या गावाचं नाव जोडलं गेलं. त्या औषधाची किंमत आपल्याला तरी कळायला हवी. मुलांची बरीच घसेदुखी विषाणूंमुळे असते आणि तिथं या गोळ्यांचा उपयोग नसतो.

नाकाचं मी सांगितलंच. एकाच नाकपुडीतून घाण वास आणि पू येत असेल, तर आत काहीतरी अडकलं आहे असं समजावं. हरभरा, मणी, खोडरबर, स्पंज, काहीही. घरी पिन किंवा काडी घालून काढायला जाऊ नये. वस्तू आणखी आत जाते. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा सेल नाकात गेल्याची शंका जरी आली, तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. तो काही तासांत आतली त्वचा जाळतो.

आणखी एक वास ओळखून ठेवावा. मुलाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो आहे, ते सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, वाळत चाललं आहे, उलट्या करतं, जोरजोरात श्वास घेतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. मधुमेह लहान मुलांनाही होतो आणि ही त्याची धोक्याची अवस्था असू शकते.

खर्चाची भीती वाटून अनेक जण दातांच्या डॉक्टरांकडे जात नाहीत. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी दात दाखवावेत, असं तज्ज्ञ सांगतात. सांगवीकरांना औंधचं जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची तपासणी होते. त्यात दातांची कीडही पाहिली जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

श्रोतेहो, आपल्या तोंडाचा वास आपल्याला सहसा कळत नाही. मोठ्यांनाही नाही, मग तीन-चार वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? तो कळतो जवळच्या माणसाला. म्हणून ही जबाबदारी जवळच्या माणसाची. वास आला तर मुलाला लांब करू नका, आणखी जवळ घ्या. तोंड उघडायला सांगा. जीभ, दाढा, घसा पाहा. नाकपुड्या पाहा. आणि जे बोलायचं ते चारचौघांत नको. वर्गात एखाद्या मुलाला इतर मुलं चिडवत असतील, तर बाईंनी त्याच्या आईला बाजूला घेऊन हळूच सांगावं. वास आठ दिवसांत जातो. ‘घाणेरडा’ हा शब्द मात्र मुलाच्या मनात पुष्कळ दिवस राहतो.

नातवाचा तळहात तोंडावरून खाली यायला वासापेक्षा जास्त दिवस लागले. मी त्याची माफी मागितली. त्याला ती कितपत समजली, कोण जाणे. मग रोज रात्री आम्ही दोघं आरशासमोर उभे राहून बरोबरीनं दात घासू लागलो. आधी मी त्याचे घासून द्यायचो, मग तो माझे तपासायचा. एका रात्री त्यानं चूळ थुंकली, टाचा उंचावल्या, तोंड माझ्या नाकाशी आणलं आणि मोठा आ करून म्हणाला, ‘‘नाना, वास घे.’’

मी घेतला. आणि त्याच रात्री अर्धवट राहिलेलं बालवाडीतलं ते गाणं त्यानं पुरं म्हणून दाखवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)