कळसूबाईची ओटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या खेड्यात शाळा तेवढीच होती, आणि आठवीसाठी राजूरला पाठवायला वडील तयार नव्हते. त्यामुळे भाषण वगैरे माझ्या वाट्याला कधी आले नाही. आजवर मंडळात मी पापड लाटले, हळदीकुंकवाची वाणे मोजली, सतरंज्या घातल्या. पण अध्यक्षबाईंनी सांगितले, "तुम्ही त्या दिवशी कळसूबाईला बायका नेल्यात, त्याबद्दल उलटसुलट पुष्कळ बोलले जाते. तुम्हीच काय ते सांगून टाका." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. हे शिखर अकोले तालुक्याच्या आणि इगतपुरी तालुक्याच्या शिवेवर येते. अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. आपल्या नाशिकहून घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की बारी नावाचे गाव लागते. तिथून वर चढतात. पायथ्यापासून चढ साडेआठशे-नऊशे मीटरांचा आहे. एव्हरेस्टपुढे हे काहीच नव्हे, असे माझी मुलगी म्हणते. जपानच्या जुन्को ताबेई ह्या १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या बाई, आणि त्यांना तेव्हा तीन वर्षांची मुलगी होती, हे तिनेच मला वाचून दाखवले. आपल्या बचेंद्री पाल १९८४ साली पोचल्या. दोघीही मे महिन्यातच. ते ऐकून मला वाटले, मे महिना डोंगर चढायला चांगला असावा. (हशा) हसू नका, इथूनच चुकायला सुरुवात झाली.

माझे माहेर राजूरच्या अलीकडे. आमच्या अंगणातून कळसूबाई रोज दिसायची. आई सकाळी भांडी घासायला बसली की तिचे तोंड बरोबर त्या डोंगराकडे असे. राख आणि काथ्या हातात, आणि गोष्ट कळसूची. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानावनात हिंडायची. हिंडता हिंडता पायथ्याच्या एका गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. म्हणाली, पडेल ते काम करीन, मात्र भांडी घासणार नाही नि केर काढणार नाही. काही दिवस बरे चालले. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी तिच्यापुढे भांडी टाकलीच. तिने ती निमूट घासली, पालथी घातली, आणि डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. आई हे सांगताना भांडी घाशीतच असे. ती हसून म्हणायची, "तिला जमलं बाई."

आता जे सांगते ते मी घराबाहेर आजवर कोणाला बोलले नव्हते. २००१ साली माझे पहिले बाळंतपण फार अवघड गेले. दोन दिवस काही खरे नव्हते. तेव्हा आईने कळसूबाईला नवस बोलला, की लेक आणि नात दोघी घरी आल्या तर मी स्वतः वर येऊन तुझी ओटी भरीन. आम्ही दोघी घरी आलो. आई मात्र वर गेली नाही. एक वर्ष पेरणी, एक वर्ष वडिलांचे आजारपण, पुढे धाकट्याचे लग्न, आणि मग गुडघे. नवरात्रात वर मोठी यात्रा भरते, आजूबाजूच्या गावांतून लोक जातात, आईसुद्धा दर वर्षी "औंदा जाईन" म्हणायची. २०२२ च्या श्रावणात ती गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत एक हिरवा खण निघाला. आत सव्वा रुपया गुंडाळलेला. भावजय म्हणाली, हा कुणाचा? मी म्हटले, माझा आहे, आणि पिशवीत टाकला.

हे मी मंडळात सांगायला हवे होते. सांगितले नाही. मी फक्त म्हटले, आपण बायका कधी कुठे जात नाही, चला कळसूबाईला. नऊजणी तयार झाल्या. साडी की पंजाबी ड्रेस ह्यावर दोन बैठका झाल्या, त्याचे इतिवृत्त आहेच. शेवटी सहाजणी ड्रेसमध्ये आणि तिघी साडीत आल्या, आणि खरे सांगायचे तर चढताना दोहोंत काही फरक दिसला नाही. फरक पडला तो चपलांचा. रविवारी घरी सगळी मंडळी असतात, निघणे होत नाही, म्हणून बुधवार ठरला. २०२४ च्या मे महिन्यातला दुसरा बुधवार. रविवारी वाटेवर गावकऱ्यांची लिंबूसरबताची, ताकाची दुकाने असतात आणि आडवारी ती बहुतेक बंद असतात, हे मला माहीत नव्हते. उलट मीच सगळ्यांना सांगितले, "एकेक बाटली पाणी पुरे. उगाच ओझे नको. वर विहीर आहे." विहीर आहे हे खरेच. शिखराच्या थोडे अलीकडे आहे. पण विहिरीतून पाणी काढायला दोर लागतो, हे एका खेड्यातल्या मुलीने विसरावे!

पहाटे तीनला निघालो. सव्वापाचला चालायला लागलो तेव्हा अंधार होता. गावातली घरे मागे पडली, मग शेते लागली. मे महिन्यात तिकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात. तसे काळे पडलेले तुकडे होते आणि अजून वास येत होता. मला एकदम माहेरी गेल्यासारखे झाले. थोडे चढल्यावर खालचे एक लहान देऊळ लागते. ज्यांना वर जाणे होत नाही ते तिथेच हात जोडतात. आमच्यातल्या दोघी तिथेच थांबल्या. त्यांनी तिथे करवंदे खाल्ली, झोप काढली, आणि आम्ही उतरेपर्यंत गावातल्या तीन घरच्या बायकांशी ओळखी करून घेतल्या. मला वाटते, सहल त्यांचीच खरी झाली.

सहाच्या सुमारास उजाडले. पुढे कातळ लागतो आणि जिथे कातळ सरळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पूर्वी नुसत्या साखळ्या धरून लोक चढत, असे गावकरी सांगतात. शिडीवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा खाली बघू नका असे मी सगळ्यांना सांगत होते आणि स्वतः मात्र दर पायरीला खाली बघत होते. एकमेकींना "डावा पाय, आता उजवा" असे सांगत आम्ही चढलो. आमच्यातल्या एकीने मध्यावर थांबून सांगितले की मी इथेच राहते, मला जेवण इथे पाठवा. (हशा) पण चढल्या.

आठ वाजल्यापासून ऊन लागू लागले. डोंगरावर वारा असतो, त्यामुळे ऊन लागते आहे हे कळत नाही. अंगातले पाणी मात्र जात असते. साडेनऊपर्यंत बाटल्या रिकाम्या. पावणेदहाला विहिरीपाशी आलो. वाकून पाहिले तर पाणी खाली होते, पण हाताला येणारे नव्हते. सात बायका विहिरीच्या काठावर उभ्या, आणि पाणी दिसते आहे पण पिता येत नाही. ओढण्यांना गाठी मारून बाटली सोडावी असे एकीने काढले, तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या वहिनी बसल्या आणि बसल्या त्या आडव्याच झाल्या. चेहरा पांढरा, अंग घामाने ओलेचिंब आणि गार. म्हणाल्या, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे.

तिथे दुकानाचा एक रिकामा मांडव होता आणि गावातली एक बाई पावसाळ्याआधी त्यावरचे कुडाचे सामान उतरवून ठेवीत होती. ती धावत आली. तिच्याकडे दोर होता, डबा होता. तिने पाणी काढले, वहिनींना मांडवाच्या सावलीत घेतले, पाय पिशव्यांवर उंच ठेवले, मानेला आणि काखेत ओला रुमाल लावला. आमच्या डब्यात चटणीबरोबरचे मीठ होते, कोणाकडे गोळ्या होत्या, ते पाण्यात घालून घोट घोट पाजले. ती बाई म्हणाली, "घाम येतोय तवर बरं हाय. घाम थांबला, बाई बरळाया लागली, का मग झोळीत घालून दवाखान्यात न्यावं लागतं." पुढे मी डॉक्टरांना विचारले, त्यांनीही हेच सांगितले, फक्त जास्त वेळ लावून. मग ती मला म्हणाली, "उन्हाळ्यात डोंगरावर रिकाम्या हाताने येत्यात का?" तिला काय ठाऊक की हे सगळे माझेच शहाणपण. उन्हाळ्यात तिच्या वाडीला पाणी दुरून डोक्यावर आणावे लागते, आणि रविवारी विकायचे सामान ती ह्याच शिड्यांवरून डोक्यावर आणते. मी शंभर रुपये पुढे केले. तिने ते घेतले, आणि घ्यायलाच हवे होते.

अर्ध्या तासाने वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. बोलू लागल्या. शिखर समोर दिसत होते. शेवटची शिडी, आणि वर शेंदरी देऊळ. तीस मिनिटांची वाट.

भगिनींनो, सगळ्यांना घेऊन आलेली मी. पाणी नको म्हणणारी मी. वहिनींजवळ बसायचे तर मीच बसायचे. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी बरी आहे." असे आपण बायका म्हणतोच, आणि समोरच्याने ते खरे धरू नये अशीच आपली अपेक्षा असते, हे मला का कळत नव्हते? तरी मी गेले. दोघींना त्यांच्याजवळ बसवले आणि चौघी वर गेलो.

वरची जागा लहान आहे. देऊळ इतके छोटे की दोघी-तिघींनी आत जावे आणि वाकूनच उभे राहावे. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी पसरलेले. प्रवरेवरचे ते विल्सन धरण, १९२६ साली पुरे झालेले. त्याच्यामागे रतनगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एकमेकांना खेटून उभे. लांबचे सगळे उन्हाच्या धुरकटात. बरोबरच्या तिघी एकमेकींना किल्ले दाखवीत होत्या. मी राजूरच्या दिशेला माहेरचे छप्पर दिसते का ते पाहत होते. इतक्या वरून कुठले दिसणार? आईने आयुष्यभर खालून वर पाहिले, वरून खाली पाहिले तर आपले घर दिसतच नाही.

देवीपुढे खण, नारळ, तांदूळ ठेवले. सव्वा रुपया ठेवला. नवस बोलताना काय म्हणतात ते सगळ्यांना येते, दुसऱ्याचा नवस फेडताना काय म्हणायचे ते मला सुचेना. मी इतकेच म्हटले, की हे माझ्या आईकडून. पाच मिनिटांत मी खाली निघाले. त्या पाच मिनिटांत मला एकदाही वहिनींची आठवण झाली नाही, हेही सांगून टाकते.

उतरणे चढण्याहून वाईट. लोखंड इतके तापलेले की पदर गुंडाळूनच कठडे धरावे लागत. वहिनींना दोन्ही बाजूंनी दोघी, पुढे ती गावातली बाई, आणि दर वळणाला सावली शोधून बसायचे. खाली पोचायला पावणेचार झाले. वहिनी एक शब्द माझ्याशी बोलल्या नाहीत. गाडीत पुढे जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर त्यांच्या सुनेने दार उघडून सांगितले की त्या झोपल्या आहेत. तेव्हापासून भिशीत भेटतो, "कसे काय" इतके बोलतो. त्या म्हणतात असे माझ्या कानावर आले, की तिला शिखर गाठल्याची हौस होती, माणूस मेले काय नि जगले काय. ह्यात त्यांचे काय चुकले? खणाचे त्यांना माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी तहानेने पडलेल्या बाईला त्याचे काय?

रात्री आठला घरी आले तर मोरीत सकाळपासूनची भांडी. आमच्या घरच्यांनी स्वयंपाक स्वतः करून खाल्ला होता, त्याची खूण म्हणून एकूण एक पातेले बाहेर. मी पदर खोचला आणि घासायला बसले. कळसूची गोष्ट आठवून एकटीच हसले. मुलगी म्हणाली, काय झाले? तेव्हा तिला पहिल्यांदा नवसाचे सांगितले, कारण तो तिच्यासाठीच होता. ती काही बोलली नाही. माझ्याशेजारी बसून तिने भांडी विसळून दिली.

वहिनी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांना सर्वांसमक्ष सांगते, की वहिनी, मी तुमच्याजवळ बसायला हवे होते.

आता मंडळाच्या कामाचे. येत्या नोव्हेंबरात पुन्हा कळसूबाईला जायचे ठरले आहे, रविवारीच. प्रत्येकीने तीन बाटल्या पाणी, मीठ-साखर, टोपी किंवा मोठा रुमाल आणि पट्ट्याची चप्पल किंवा बूट आणावेत. ज्यांच्याकडे एकच बाटली असेल त्यांना गाडीत घेणार नाही. दोर आणि डबा मी आणते. नावे माझ्याकडे द्यायची आहेत. पहिले नाव वहिनींचे मी त्यांना न विचारता लिहिले आहे. त्यांना खोडायचे असेल तर वही इथेच टेबलावर आहे.