कोणाचे साहित्य, कोणाची शाळा? : अमेरिकेतील वांशिक अल्पसंख्याकांविषयीचा वाद

(व्याख्यानाचा मजकूर)

सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेतील 'सॅटर्डे रिव्ह्यू' या नियतकालिकात नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ विदुषीचा एक लेख प्रसिद्ध झाला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तेथील त्रेसष्ट प्रकाशकांनी मुलांसाठी ५,२०६ पुस्तके काढली होती. त्यांपैकी ज्यांच्या मजकुरात किंवा चित्रांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती दिसते, अशी पुस्तके ३४९ भरली. म्हणजे शेकडा सातदेखील नाहीत. पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने पुस्तक चाळताना यातली माणसे नेहमी गोरीच का, असे विचारले होते. लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

आकडा निर्विवाद होता. वाद त्यापुढचा आहे, आणि अर्धशतक उलटून गेले तरी तो मिटलेला नाही. पुस्तकांत या मुलांना स्थान असावे, हे तत्त्व हळूहळू बहुतेकांनी मान्य केले. परंतु ते स्थान कोणी ठरवायचे, त्यात काय लिहायचे आणि लिहिणाऱ्याने कोणाच्या वतीने बोलायचे, हे प्रश्न मात्र अधिकाधिक तीव्र होत गेले. शाळेच्या कारभाराशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील वांशिक अल्पसंख्य समाज एकाच वाटेने त्या राष्ट्रात आलेले नाहीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत. मूळचे रहिवासी असलेल्या, 'रेड इंडियन' या चुकीच्या नावाने दीर्घकाळ ओळखल्या गेलेल्या जमाती आहेत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला तेव्हा घर न सोडताच परक्या देशाचे नागरिक झालेली कुटुंबे आहेत. चीन, जपान, फिलिपीन्स येथून मजुरीसाठी आलेली माणसे आहेत. या साऱ्यांना शाळेने प्रदीर्घ काळ एकच उपदेश केला : आपले विसरा आणि आमचे शिका. १८७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे निघालेली निवासी शाळा हे त्याचे सर्वांत कठोर उदाहरण होय. आदिवासी मुलांना आईबापांपासून शेकडो मैल दूर नेऊन त्यांचे केस कापणे, नावे बदलणे आणि मातृभाषेत बोलल्यास शिक्षा करणे, हीच तेथील शिक्षणपद्धती होती. १९१८ पर्यंत ती शाळा चालली. तिच्या धर्तीवर निघालेल्या शाळा त्यानंतरही चालू राहिल्या.

याच्या नेमका उलटा प्रयोग १९६६ साली अॅरिझोना राज्यातील रफ रॉक येथे झाला. नावाहो जमातीच्या या वस्तीतील शाळेचा कारभार स्थानिक नावाहोंच्या निवडलेल्या मंडळाकडे सोपविण्यात आला. नावाहो भाषा वर्गात आली. जमातीच्या कथा आणि इतिहास यांची पुस्तके शाळेच्याच केंद्रातून निघू लागली. विद्वानांनी या शाळेविषयी पुष्कळ लिहिले आहे. मुलांची प्रगती मोजायची कशी, यावर त्यांचे मतभेदही झाले. तथापि, स्वतः फारसे न शिकलेले पालक शाळा चालवू शकतील काय, या शंकेला रफ रॉकने कृतीने उत्तर दिले, हे मान्य करावे लागते. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, नावाहोंनी स्वतःचे महाविद्यालयही स्थापन केले.

विद्यापीठांत हा वाद शिरला तो मात्र शांतपणे नव्हे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. इंग्रजी शिकविणाऱ्या जॉर्ज मरे या कृष्णवर्णीय अध्यापकाचे निलंबन हे निमित्त. मागण्या एकूण पंधरा होत्या. अल्पसंख्य समाजांचा इतिहास आणि साहित्य शिकविणारी स्वतंत्र विद्याशाखा हवी, तिचे अध्यापक निवडण्यात त्या समाजांना वाव हवा, आणि प्रवेशाची दारे त्यांच्या मुलांना खुली हवीत, हा त्यांचा गाभा. पोलीस आले, लाठ्या चालल्या, शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. संप मोडून काढण्यासाठी कॉलेजचे प्रभारी अध्यक्ष म्हणून ज्यांची नेमणूक झाली, ते एस. आय. हयाकावा हे भाषाशास्त्रातील अर्थविचाराचे नामांकित अभ्यासक. ते स्वतः जपानी वंशाचे होते! ध्वनिक्षेपक लावलेल्या विद्यार्थ्यांच्या मोटारीवर चढून त्यांनी तारा उपटल्या, तो प्रसंग देशभर गाजला. अल्पसंख्य वंशात जन्म झाला म्हणून मतही एका बाजूचेच असेल असे धरून चालणाऱ्यांना हयाकावांचे उदाहरण नेहमीच अडचणीचे ठरले आहे. पुढे ते कॅलिफोर्नियातून सिनेटवर निवडून आले. मार्च १९६९ मध्ये समझोता झाला. सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत. परंतु वांशिक अभ्यासाची देशातील पहिली स्वतंत्र विद्याशाखा त्याच वर्षी तेथे उघडली.

विद्याशाखा उघडली, पण शिकवायचे काय? येथून संशोधनाचे खरे काम सुरू झाले. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची १९३७ ची कादंबरी बाजारात मिळेनाशी झाली होती, आणि लेखिकेच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. १९७३ मध्ये अॅलिस वॉकर यांनी फ्लोरिडात जाऊन ती जागा शोधली आणि दगड बसविला. १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली व आज ती अभ्यासक्रमात सर्वत्र दिसते.

जॉन ओकाडा यांची कथा याहून विषण्ण करणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, त्यांपैकी बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक असूनही, घरे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले होते. अशा स्थितीत सैन्यात भरती होण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेल्या तरुणाची कहाणी ओकाडांनी 'नो-नो बॉय' या कादंबरीत लिहिली. ती १९५७ मध्ये निघाली. तिच्या १,५०० प्रतीही खपल्या नाहीत. आपल्याच समाजाला जुनी जखम उघडी झालेली नको होती. १९७१ मध्ये ओकाडा वारले. त्यानंतर काही तरुण लेखक शोध घेत त्यांच्या पत्नीपर्यंत पोहोचले, तेव्हा दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित कोणालाच नको म्हणून त्या बाईंनी जाळून टाकलेले होते. १९७६ मध्ये या तरुणांनीच 'नो-नो बॉय' पुन्हा छापली.

या प्रयत्नांना विद्वानांचा विरोधही तितकाच गंभीर होता. अॅलन ब्लूम यांनी १९८७ मध्ये आणि इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी १९९१ मध्ये ग्रंथ लिहून तो मांडला. श्लेसिंजर यांचे म्हणणे असे की, इतिहास हा समाजाचा आत्मसन्मान वाढविण्याचे औषध नव्हे. प्रत्येक गट आपापला इतिहास शिकू लागला तर एक राष्ट्र म्हणून बांधणारे सूत्र तुटेल. हा आक्षेप केवळ गोऱ्यांचा अहंकार म्हणून झटकून टाकता येत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : आधीचा अभ्यासक्रम जणू कोणत्याच गटाचा नव्हता. लॅरिकबाईंच्या ५,२०६ पुस्तकांकडे पाहता तसे म्हणणे कठीण आहे.

वाद केवळ बाहेरून होता असेही नाही. गोरे कादंबरीकार विल्यम स्टायरन यांनी १९६७ मध्ये नॅट टर्नर या बंडखोर गुलामाचे मनोगत त्याच्याच तोंडून सांगणारी कादंबरी लिहिली. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी, १९६८ मध्ये, दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिचे खंडन करणारे पुस्तक काढले. गुलामाचे मन मालकाच्या वंशजाने लिहावे काय, हा त्यातील मूळ मुद्दा. मराठी वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव आणि सहानुभूती यांचा वाद असाच रंगला होता. आणि ही साम्ये योगायोगाची नाहीत. अमेरिकेत अध्ययन करून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावही तेथूनच आलेले. त्याही आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना.

एकाच समाजाच्या आत कोणाचे म्हणणे खरे, हा वाद सर्वांत कडवटपणे झाला तो चिनी वंशाच्या लेखकांत. मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचे 'द वुमन वॉरियर' १९७६ मध्ये निघाले. आईकडून ऐकलेल्या चिनी दंतकथा, अमेरिकेतील बालपण आणि कल्पना यांचे ते मिश्रण. प्रकाशकाने मात्र ते आत्मचरित्र म्हणून काढले. ओकाडांच्या शोधात पुढाकार घेणाऱ्या फ्रँक चिन यांनी त्यावर घणाघाती टीका केली. किंग्स्टन यांनी मूळ दंतकथा मोडल्या, चिनी पुरुषाला क्रूर ठरविणारी गोऱ्यांची समजूत पक्की केली आणि म्हणूनच गोऱ्या वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतले, असा त्यांचा आरोप. समुद्र ओलांडून आलेल्या कथा बदलतातच, ही किंग्स्टन यांची भूमिका. आणि स्वतःच्या समाजातील स्त्रीचे दुःख बोलायचे नाही तर ते बोलायचे कोणी, हा त्यांच्या बाजूच्या समीक्षकांचा सवाल. चिन यांची भीती निराधार नव्हती, कारण बाहेरचा वाचक एका पुस्तकावरून साऱ्या समाजाची परीक्षा करतो. परंतु त्या भीतीपोटी लेखिकेला गप्प बसविणे म्हणजे त्याच वाचकाला न्यायाधीश मानणे होय.

वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांची हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण ती तितकी आशादायक नाही. १९६७ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये बजावले की, वृत्तपत्रे देशाकडे गोऱ्यांच्या नजरेतून पाहतात आणि संपादकीय कामावर कृष्णवर्णीय शेकडा पाचही नाहीत. दहा वर्षांनी संपादकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००० सालापर्यंत वृत्तकक्षातील अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येइतके करण्याचा संकल्प सोडला. त्या वेळी ते सुमारे ४ टक्के होते. २००० साल उजाडले तेव्हा ते १२ टक्क्यांच्या आसपास होते, आणि मुदत २०२५ पर्यंत लांबविण्यात आली होती. मुदतवाढीची कला एकट्या सरकारी खात्यांनाच अवगत आहे असे नव्हे!

शाळेचा वाद अखेरीस न्यायालयात गेला, तो पुन्हा अॅरिझोनातच. टुसान शहराच्या शाळांत बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाची. त्यांच्यासाठी १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन इतिहास व साहित्य यांचा अभ्यासक्रम चालू होता. एका विशिष्ट वंशाच्या मुलांसाठी आखलेले किंवा दुसऱ्या वंशाविषयी आकस वाढविणारे वर्ग नकोत, असा कायदा राज्याने २०१० मध्ये केला. राज्याच्याच शिक्षणप्रमुखांनी नेमलेल्या तपासणी संस्थेला २०११ मध्ये कायद्याचा भंग आढळला नाही. तरीही अनुदानाचा दहावा हिस्सा कापण्याची तंबी मिळताच शाळा मंडळाने जानेवारी २०१२ मध्ये ते वर्ग बंद केले. सात पुस्तके वर्गांतून उचलून खोक्यांत भरण्यात आली. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांचे शोषितांच्या शिक्षणाविषयीचे प्रसिद्ध पुस्तक त्यांत होते. विद्यार्थ्यांनी दाद मागितली. ऑगस्ट २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याचा हेतू आणि त्याची अंमलबजावणी या दोहोंमागे वांशिक आकस होता, आणि विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा त्यामुळे भंग झाला. निकाल देणारे न्यायमूर्ती ए. वॉलेस टशिमा जपानी वंशाचे. महायुद्धाच्या काळात लहानपणी ते याच अॅरिझोनातील पोस्टन येथील छावणीत राहिलेले होते.