तरतरी आणि ताकद



नांगर ओढून बैल थकला की आपण त्याला सोडतो, पाणी दाखवतो, पुढ्यात वैरण टाकतो. त्याच वेळी पराणी टोचली तर तो आणखी दोन फेरे घेईलही. पण म्हणून पराणीला कोणी वैरण म्हणत नाही. हल्ली किराणा दुकानात, एस. टी. स्टँडवर वीस रुपयांना जी ‘एनर्जी ड्रिंक’ची बाटली मिळते, तिचे असेच आहे. नाव शक्तीचे, काम पराणीचे.

त्या बाटलीत मुख्यतः पाणी, साखर आणि कॅफीन. आपण दिवसभर राबलो की मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठते आणि ‘आता पुरे, विसावा घे’ असा निरोप देते. कॅफीन त्या निरोप्याच्या वाटेत आडवे बसते. थकवा जात नाही. थकल्याची खबर तेवढी पोचत नाही.

आपल्याकडील नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. कोणी म्हणेल, “मास्तर, चहात ते नसते की काय?” असते ना, कपभर चहात ३० ते ६५. पण चहा फुंकून फुंकून प्यावा लागतो, आणि पाचवीतल्या पोराला आई तो बशीभरच देते. ही बाटली थंड नि गोड. खेळून आलेले पोर ती दोन दमांत रिकामी करते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. पंचवीस किलोचे पोर एका बाटलीतच काठाला लागते.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी परीक्षेच्या सकाळी आला, तो हात इतके कापत होते की पेनाचे टोपण निघेना. छातीत धडधड. रात्री तीन बाटल्या पिऊन जागला होता. त्याला पायरीवर बसवले, पाणी दिले. पेपर निम्मा कोरा गेला. अभ्यास त्याचा झालेला होता, हेच मला लागून राहिले. रात्री दहाला घेतलेल्या कॅफीनपैकी सुमारे निम्मे पहाटे तीनलाही अंगात असते. आणि वाचलेले डोक्यात मुरते ते झोपेत.

मग बंदी घालावी का? मोठ्यांवर नको, पण रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून बाटलीला हात लावू नये, आणि गरोदर बायकांनी ती टाळावीच. मुलांसाठी मात्र बंदी हवी. लिथुआनियाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना विक्री बंद केली, पोलंडने २०२४ मध्ये. त्याच वर्षी जुलैत आपल्या विधान परिषदेत शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा झाली. लहान गावात एवढ्या अंतरात शाळा, देऊळ, चावडी नि सगळी दुकाने येतात; तेथे हा नियम पुरेल. तालुक्याला पोर एक चौक ओलांडून जाईल. म्हणून अंतराबरोबर वयाचीही अट पाहिजे, असे मला वाटते.

दुकानदार काही वैरी नव्हे. ‘मुलांसाठी योग्य नाही’ ही सूचना बाटलीवर छापलेली असते, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. शिक्षकांनी एक रिकामी बाटली वर्गात न्यावी आणि मुलांकडूनच ती सूचना मोठ्याने वाचून घ्यावी. अक्षर फार बारीक आहे. स्वतः वाचणार असाल तर चष्मा विसरू नका.