कपाटाची किल्ली आणि मुलींचा वेळ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



हिंसा, मालमत्ता, आरोग्य, मजुरी अशा विषयांच्या मधोमध ‘शाळेतलं ग्रंथालय’ हा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, जेवणानंतरच्या सत्रासाठी मुद्दाम हलकं काहीतरी ठेवलंय. मला पूर्वी तसंच वाटायचं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बीड जिल्ह्यात आले ती ऊसतोड कामगार बायकांबरोबर काम करायला. ग्रंथालय माझ्या गळ्यात पडलं ते केवळ शहरातल्या कुणीतरी पुस्तकांची दोन खोकी पाठवली म्हणून. ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचवून मोकळं व्हायचं, एवढाच माझा विचार होता.

शाळेत गेले तर पुस्तकं आधीच होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप, आणि आत चांगली कोरी करकरीत पुस्तकं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५ पासून आपल्याकडे तो साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडायचं, मुलांच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं, फोटो काढायचा आणि पुस्तकं परत आत.

मी तावातावाने गुरुजींशी भांडायला गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत, वगैरे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे जडसंग्रहाची नोंदवही माझ्यापुढे ठेवली. टेबल, खुर्ची, घंटा, तराजू आणि त्याच ओळीत पुस्तकं. “ताई, तपासणीत एक पुस्तक कमी निघालं तर जबाब कुणी द्यायचा? भरपाई कुणी करायची?” प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहार, माहितीचे तक्ते. त्यात पुस्तक हरवलं तर खिशाला चाट. मला त्यांचा राग येईना. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र ‘पुस्तकं वापरासाठी असतात’ असं आहे. हे वेगळं सांगावं लागलं, कारण युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. आपली साखळी म्हणजे ती नोंदवही.

मग आम्ही एक तोडगा काढला. खोक्यांतून आलेली पुस्तकं शाळेच्या दप्तरी चढवायचीच नाहीत. ती संस्थेची. फाटली, हरवली, तर जबाबदारी माझी. वर्गात भिंतीला मुलांच्या उंचीवर सुतळी बांधली आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर वाळत घातल्यासारखी टाकली. मुखपृष्ठ दिसलं की मूल हात घालतं. देवघेवीची वही मुलांकडेच दिली.

इथे एक गंमत सांगते. शाळेत बालमंत्रिमंडळ होतं, त्यात ग्रंथालयमंत्री हे पद होतं. मंत्री मुलगा. पेनाने नावं लिहिणं, पुस्तक कुणाला द्यायचं ते ठरवणं, हे त्याच्याकडे. पुस्तकांवरची धूळ पुसणं आणि सुतळीखालचा केर काढणं याला मात्र तीन मुली. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं! आणि मला ते दिसायला दोन महिने लागले. पुढे आम्ही पाळ्या लावल्या, आठवड्याला पेन बदलायचं आणि झाडूही बदलायचा. झाडू हातात घ्यायच्या आठवड्यात मंत्र्यांच्या पोटात दुखायचं, ते वेगळं.

आता माझ्या चुकीबद्दल. सहा महिन्यांनी मी देवघेवीच्या वहीवरून अहवाल लिहिला. सुरुवातीला मुलींची नावं मुलांपेक्षा जास्त, पण सहावी-सातवीच्या मुली पुस्तक आज नेतात आणि उद्या परत करतात, आणि हळूहळू न्यायचंच बंद करतात, असं वहीत दिसत होतं. मी लिहिलं, ‘वाढत्या वयाबरोबर मुलींची वाचनाची आवड कमी होते.’ चांगलं छापील वाक्य होतं. कुणी शंकाही घेतली नाही.

सातवीतली एक मुलगी होती. तिचं नाव इथे घेत नाही. सहावीत वहीच्या पानापानावर ती होती, नंतर गायब. एकदा मी तिच्या घरी गेले आणि बोलत बोलत तिचा दिवस लिहून काढला. तुम्ही सगळ्यांनी बायकांच्या कामाची घड्याळं काढलेली आहेत, मी काय वेगळं सांगणार. हापशावरून पाणी, भाकरी, धाकट्या भावाला आंघोळ, शाळा, आल्यावर भांडी, शेळ्या, पुन्हा चूल, आणि मग दिवे जायची वेळ. मी विचारलं, पुस्तक लगेच परत का करतेस? म्हणाली, “घरी उघडलं की कुणीतरी हाक मारतंय. परत नाही केलं तर बारकं फाडतंय. मग भ्या वाटतं.” म्हणजे आवड कमी झाली नव्हती, काम वाढलं होतं. बायकांचा वेळ कोण खातं हे आपण बायकांच्या बाबतीत शिकलो, मुलींच्या बाबतीत मात्र मी ‘आवड’ नावाचा शब्द वापरून मोकळी झाले.

तिची आजी दारातच बसली होती. शाळेचा अभ्यास करायला तिची ना नव्हती. “अभ्यास कर म्हणतो आम्ही. पण गोष्टी वाचून काय व्हायलंय? रिकामा उद्योग.” हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. रमाबाई रानड्यांचं आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं. त्या शिकत होत्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती जाच केला, ते त्यात आहे. तेव्हा शिकण्यालाच विरोध होता. आज तसा विरोध गावातही कुणी उघड करत नाही. आज अभ्यासाला परवानगी आहे, कारण त्यातून काही मिळेल, निदान स्थळ बरं मिळेल. कशासाठीही नसलेलं वाचन, पाय पसरून बसून एक मुलगी हसतेय आणि कुणाच्या उपयोगाची नाही, हे मात्र अजून डोळ्यांत खुपतं. मुलगा तसा बसला तर खुपत नाही. तो क्रिकेट खेळायला गेला नाही याचंच कौतुक.

म्हणून आम्ही घरी पुस्तक नेण्यावरचा भर कमी केला. शाळेचा शेवटचा तास मिळावा म्हणून हट्ट धरला. आठवड्यातून तीन दिवस मिळाला. त्यातल्या पहिल्या पंधरा मिनिटांत बाईंनी किंवा मी मोठ्याने वाचायचं, उरलेल्या वेळात ज्याने त्याने आपापलं. त्या तासाला प्रश्न विचारायचे नाहीत, तात्पर्य सांगायचं नाही, ‘यातून काय बोध घेतला’ हे तर अजिबात नाही. गुरुजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. पण मुलींसाठी दिवसातला तो एकच वेळ होता की ज्यात हाक येणार नाही याची खात्री होती. गावात सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानावर चालणारी अशी वाचनालयं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण त्याच्या कट्ट्यावर पुरुष पेपर घेऊन बसलेले असतात. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलगी जाईल का? तिला घरात कारण न सांगता जाता येईल अशी जागा शाळा ही एकच.

पुस्तकं कोणती ठेवली हे तुम्ही विचारणार. मी आपल्या विचारांची ठेवली होती. थोर स्त्रियांची चरित्रं, हुंड्यावरच्या गोष्टी, मुलगा-मुलगी समान सांगणाऱ्या पुस्तिका. त्या सुतळीवर उन्हाने पिवळ्या पडल्या. मुली भुताच्या गोष्टींवर तुटून पडल्या, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून भांडल्या. लहानांना माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ हवं असे, त्यातली चित्रं पाहत त्या तासभर बसत. मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं की घरात दिवसभर उपदेश ऐकणाऱ्या मुलीला आपणही उपदेशच देत होतो, फक्त पुरोगामी. सावित्रीबाईंचं चरित्र मुलीला बक्षीस मिळतं आणि मुलाला साहसकथा, हेही एकदा बघा आपापल्या शाळांतून.

‘तोत्तोचान’ आम्ही मोठ्याने वाचलं. त्या जपानी शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरतात. दुसरीतल्या एकीने विचारलं, “डबे हलत नाहीत, मग तिथली पोरं कारखान्याला कशी जातात?” तिच्या लेखी शाळा हा दसऱ्या-दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून मागे सोडायचा पदार्थ होता.

याच पुस्तकाने बायकाही आल्या. मंडळाच्या बैठकीत आम्ही आधी वाचनाचे फायदे सांगत होतो, की मुलगी शिकली तर मुकादमाचा उचलीचा हिशोब वाचेल, फसवणूक टळेल. बायका मान डोलवत आणि उठून जात. एकदा पाऊस आला, बैठक शाळेत घ्यावी लागली, आणि एका मुलीने राहिलेलं वाचन तिथेच सुरू केलं. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकतात आणि आई ते तिला कळू देत नाही, हा भाग. एक बाई, जिला अक्षर येत नाही, म्हणाली, “आईनं सांगितलं नाही ते लई बरं केलं.” दुसरी म्हणाली, सांगायला पाहिजे होतं. अर्धा तास वाद. पुढच्या बैठकीला आल्या त्या “त्या पोरीचं पुढं काय झालं?” विचारतच. मुकादमाचा हिशोब कुणी काढला नाही. मग आयाच म्हणायला लागल्या, पोरींनी रात्री भाकरीनंतर एकेक पान मोठ्याने वाचावं. चुलीपाशी वाचणारी मुलगी आता रिकामी नव्हती, घराला गोष्ट सांगत होती. ही तडजोड आहे, मला मान्य आहे. काम सुटलं नाही. पण निदान वाचताना हाक मारणारं माणूसच ऐकायला बसलं.

हंगामाचा प्रश्न उरतो. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. मोठी मुलगी बहुधा जाते, कारण आई फडात असताना कोपीवर लहानग्याला कोण पाहणार? पूर्वी जायच्या आधी मुलांकडून पुस्तकं जमा करून घेतली जात, नाहीतर ती हरवणार. आम्ही उलटा नियम केला. जाणाऱ्या प्रत्येक मुलाने दोन पुस्तकं न्यायची, अदलाबदल तिकडेच करायची, उन्हाळ्यात परत आणायची. पहिल्या वर्षी बरीच परत आली, काही भिजलेली, एकीला पाचटाचा वास. काही आली नाहीत.

सातवीतल्या त्या मुलीचं एक पुस्तक तिच्या भावाने आणलं. तिचं लग्न हंगामातच लागलं होतं. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल त्या जोडीला मिळते. लग्नं लवकर का होतात त्याचं एक कारण तिथे आहे. आम्हाला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं. मला हे सांगायलाच हवं, कारण हल्ली निधीसाठीच्या प्रस्तावांत ‘ग्रंथालयामुळे बालविवाहाला आळा’ असं लिहायची रीत पडली आहे. मी असं लिहीत नाही. सुतळीवरची पुस्तकं उचलीच्या रकमेला पुरी पडत नाहीत, त्यासाठी वेगळं भांडावं लागतं, आणि ते आपण भांडतो आहोत. दुसरं पुस्तक तिने ठेवून घेतलं असं भाऊ म्हणाला. गुरुजींनी वहीत त्याच्यापुढे ‘गहाळ’ लिहायला सांगितलं. मुलींनी लिहिलं नाही. तिथे तिचं नाव आणि तारीख एवढंच आहे.

वहीत आता आम्ही एक रकाना वाढवलाय, ‘पूर्ण वाचलं का, नसल्यास का नाही’. ‘आईला ताप’, ‘लाईट गेली’, ‘भाऊ रडला’, ‘दादाने घेतलं’ अशी उत्तरं असतात. ‘आवडलं नाही’ असंही असतं, आणि ते वाचून मला बरं वाटतं.

तुमच्यापैकी काहीजणी कारखाना परिसरात काम करता. कोप्यांवर गेलात आणि आमचा निळा शिक्का असलेलं पुस्तक दिसलं, तर जमा करून पाठवू नका. तिथेच राहू द्या. आणि शक्य असेल तर त्याच्या शेजारी अजून एखादं ठेवून या.