रुपयाएवढं कासव

मुलांच्या हट्टापायी दुकानातून रुपयाएवढं कासव घरी येतं. डोळ्यामागे लाल पट्टा, म्हणून नाव रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. बघता बघता ते ताटलीएवढं होतं, 30 वर्षंही जगतं. काचेची पेटी अपुरी पडली की माणसं पुण्य समजून त्याला तळ्यात सोडतात. कृपा करून हे करू नका! आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा ते बळकावतं. त्यापेक्षा त्याला नवं घर मिळवून देण्यासाठी प्राणी-बचाव संस्थेला विचारा. नव्या घरी मोठी टाकी, स्वच्छ पाणी, अंग सुकवायला दगड आणि अतिनील दिवा हवाच. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं स्टार कासव मात्र पाळणं गुन्हाच आहे. तसं आढळलं तर वनविभागाला 1926 वर कळवा.