डोंगराच्या पोटात काय आहे?

(मुळशी तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत आपल्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी वाडीत कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज आपला विषय वनहक्काच्या दाव्यांचा होता. तो घेणारच आहोत. पण गेले दोन महिने ज्या वाडीवर जावं तिथं एकच बोलणं ऐकते. "डोंगराखाली गुप्त तळ खोदलाय. रात्री जमिनीतून घरघर येते. तिथून विषारी वारा सुटतो, त्यानं गुरं मरतात." कोणी म्हणतं मिलिटरीचं काम आहे, कोणी म्हणतं परदेशी कंपनीचं. कोणी शपथ घेऊन सांगतं, मेलेल्या गाईचे डोळे आणि जीभ कापून नेली होती, अंगात रक्ताचा थेंब नव्हता, आणि गिधाडंसुद्धा शिवली नाहीत.

मी हे हसण्यावारी नेणार नाही. ज्याची गाय मेली त्याचं वर्ष गेलं. ज्या बाईची चार शेळ्या गेल्या तिचं आजारपणाचं, लग्नकार्याचं पैशाचं गाठोडं गेलं. आणि आपल्या माणसांना भीती वाटते ती उगाच नाही. या खोऱ्यातून लोकांच्या जमिनी आधी गेलेल्या आहेत. म्हणून तीन गोष्टी बोलते. डोंगराच्या पोटात खरंच काय आहे, गुरं कशानं मरतात, आणि ही अफवा कोणाच्या फायद्याची आहे.

पहिली गोष्ट. डोंगराच्या पोटात बोगदा आहे. आपण लहानपणापासून ज्या धरणाचं पाणी बघतो, ते बोगद्यातून आणि पुढं मोठ्या नळांतून घाटाखाली भिऱ्याला जातं. तिथं त्याची वीज होते. ते वीजघर १९२७ सालापासून चालू आहे. तिकडं पोफळीला तर कोयनेचं अख्खं वीजघर डोंगराच्या आत आहे आणि माणसं रोज तिथं पाळीला जातात. म्हणजे जमिनीखाली पोकळी असते, पण ती गुप्त नाही. शाळेच्या पुस्तकात आहे, नकाशात आहे.

आता नीट ऐका. हे धरण झालं तेव्हा जमिनी कशा गेल्या? कोणी रात्री चोरून खोदलं का? नाही. १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यानं टाटा कंपनीसाठी सरकारनं जमिनी घेतल्या. नोटिसा काढल्या, मोजणी केली, खांब रोवले. सगळं दिवसाढवळ्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट होते, विनायकराव भुस्कुटे होते. बाया-माणसं तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालं आणि पन्नासाच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला निदान भरपाईचा आकडा तरी दाखवला. आपले कातकरी, ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांना त्या कायद्यात जागाच नव्हती.

पलीकडं मोसे खोऱ्यात बघा. २००१ साली १८ गावांचा भाग हिल स्टेशनसाठी जाहीर झाला. तोसुद्धा सरकारी अधिसूचनेनं, छापून. तिथं लवासा उभं राहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, ती पण कागदावरच.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याला लुटायला आजपर्यंत कोणाला जमिनीखाली लपावं लागलेलं नाही. जे झालं ते तलाठ्याच्या चावडीत आणि कलेक्टरच्या ऑफिसात, उघड झालं. आपण वाचलं नाही, वाचता येत नव्हतं, किंवा वाचून दाखवायला कोणी नव्हतं. तळ शोधत डोंगरात फिरण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काय चिकटवलंय ते बघा.

दुसरी गोष्ट, गुरांची. मेलेल्या जनावराचे डोळे, जीभ, सड नाहीसे का होतात? आपण रानातली माणसं, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. कावळा आधी कुठं चोच मारतो? डोळ्याला. कुत्रं आणि कोल्हं आधी कुठं तोंड घालतात? मऊ जागी. कातडं जाड असतं, तिथं नंतर. जनावर फुगलं की कातडं ताणून फाटतं आणि सुरीनं कापल्यासारखं दिसतं. रक्त खालच्या अंगाला उतरतं आणि तिथंच गोठतं, म्हणून वरून काही दिसत नाही.

आणि गिधाडं? गिधाडं शिवली नाहीत, कारण शिवायला गिधाडं उरलीच कुठं? आपल्या आजोबांच्या वेळी ढोर टाकलं की तासा-दोन तासात हाडं राहायची. पुढं जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध टोचायला लागले. तसं टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. तशी देशभरातली गिधाडं मेली. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. म्हणून आता मढं चार-चार दिवस तसंच पडून राहतं आणि आपल्याला वाटतं, यात विष आहे.

एका शिबिरात अमेरिकेची गोष्ट कळली. तिकडं न्यू मेक्सिको राज्यात डल्से म्हणून गाव आहे. ते तिथल्या आदिवासींचं, हिकारिया अपाची लोकांचं गाव. १९७० नंतर त्या भागात गुरं मरायला लागली, डोळे-जीभ नसलेली. मग बोलवा उठली की शेजारच्या डोंगराखाली गुप्त तळ आहे. आपल्यासारखंच की नाही? सरकारनं एका जुन्या पोलीस तपासनीसाला चौकशीला नेमलं. १९८० साली त्यानं अहवाल दिला की ही कामं मढं खाणाऱ्या जनावर-पाखरांची आहेत. तळ कोणाला सापडला नाही. पण त्याच मुलखात, त्या गावापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर, १९६७ च्या डिसेंबरात सरकारनं जमिनीखाली खरोखरचा अणुबाँब फोडला होता. दगडात अडकलेला गॅस मोकळा करायला. तो गुप्त नव्हता, जाहीर करून फोडला. लोक बोलत राहिले ते न दिसणाऱ्या तळाबद्दल.

आता आपली गुरं कशानं मरतात ते ध्यानात ठेवा. पावसाच्या तोंडाला गळा सुजून, घरघर लागून एका दिवसात जनावर जातं तो घटसर्प. धष्टपुष्ट पाडी किंवा खोंड लंगडतो, मांडी-फऱ्याला सूज येते, दाबली की करकर वाजते, तो फऱ्या. पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन कळपातली चांगली चांगली शेळी-करडं पटापट मरतात तो आंत्रविषार. या तिन्ही रोगांची लस पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्यातून मिळते. उघड्या सड्यावर, एकाच झाडाखाली चार जनावरं एकदम मेली तर आधी वीज पडली होती का ते बघा. पायाला, तोंडाला सूज असेल तर घोणस, फुरसं आठवा. मानेला दात दिसले तर बिबट्या.

आणि एक सगळ्यात वाईट, फाशी. काळपुळी म्हणतात तीच. जनावर अचानक पडतं, नाकातून, मागून काळं रक्त येतं आणि ते गोठत नाही. असं जनावर फाडायचं नाही, सोलायचं नाही, खायचं नाही. आयांनो, हे तुम्हाला हात जोडून सांगते. घरात मटण नसतं हे मला माहीत आहे. पण त्या रोगानं माणूस मरतो. दवाखान्यात कळवा, खोल खड्डा काढा, चुना टाकून पुरा.

तिसरी गोष्ट, ही अफवा कोणाच्या कामाची? बघा काय झालंय. सड्यावर चराईला जायचं लोकांनी सोडलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा त्यात पुरावा धरतात. आपणच तिथं जायचं सोडलं तर पाच वर्षांनी पोरं सीमा कुठली दाखवणार? पाणवठा कुठला, देव कुठला, कोण सांगणार? एका वाडीत लस टोचायला आलेल्या माणसाला "तूच विष टोचतोस" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडं एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडं लोक बोट दाखवायला लागलेत. तिच्या केसाला धक्का लागला तर आपण संघटनेची माणसं म्हणवून घ्यायचं नाही.

आणि एजंट फिरतायत. गोड बोलतात. "मावशे, इथं काय राहिलंय, जागा बाधली, मी चार पैसे देतो." बाधलेली जागा त्याला कशाला हवी, हे एकदा तरी विचारा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला कलेक्टरची मंजुरी लागते आणि त्याआधी सरकारची मान्यता लागते. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ आणि ३६ अ. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, कोरा स्टँप, कशावरही अंगठा द्यायचा नाही.

म्हणून आज ठरवू या. गुरू मेलं की जागेवरून हलवायचं नाही. बिबट्याचं असेल तर ४८ तासांच्या आत फॉरेस्टला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. वीज पडली असेल तर तलाठी. रोग वाटला तर जनावरांचा डॉक्टर. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही. घरघर ऐकू आली तर कुठून, किती वाजता, ते वहीत लिहायचं. खाण असेल, डंपर असेल, सुरुंग असेल, तर ते कोणाच्या परवानगीनं चाललंय ते ग्रामसभेत विचारायचं. प्रत्येक वाडीवर एक वही आणि वही लिहिणारं एक पोर. दहावी-बारावी शिकलेल्यांनो, हे तुमचं काम.

आणि उद्यापासून गुरं पुन्हा सड्यावर न्यायची. एकटं नाही, वाडीनं मिळून. म्हाताऱ्यांना बरोबर घ्यायचं, सीमा दाखवत चालायचं. तोच आपला पुरावा आहे.

आता दाव्यांचे फॉर्म काढा.

जिंदाबाद!